इंग्रजीतला हरवलेला 'तू': 'दाऊ' ओळखायचा, वाचायचा आणि मराठीत आणायचा कसा

१७ नोव्हेंबर १६०३. लंडनमध्ये प्लेगची साथ होती, म्हणून खटला विंचेस्टरला चालला होता. आरोपी होता सर वॉल्टर रॅले, एलिझाबेथ राणीचा एकेकाळचा मर्जीतला माणूस. राणी वारली, नवा राजा जेम्स गादीवर आला आणि त्याच्याविरुद्ध कट केल्याचा आरोप रॅलेवर ठेवला गेला. सरकारी बाजू मांडत होता अ‍ॅटर्नी जनरल एडवर्ड कोक. भर कोर्टात कोक रॅलेला साप म्हणाला, सगळं तुझ्याच चिथावणीनं झालं म्हणाला, आणि पुढे म्हणाला, 'फॉर आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर!'

आजच्या इंग्रज विद्यार्थ्याला हे वाक्य समजायला तळटीप लागते. आपल्याला नाही लागत. कोक एकेरीवर आला होता. नुसता आला नाही, तर 'हो, अरे-तुरेच करतोय तुला, गद्दारा!' असं त्यानं ठणकावून सांगितलं. 'दाऊ' हे इथे क्रियापद आहे आणि आपलं 'अरे-तुरे करणं' त्याच्या मापाचंच आहे.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला तू, तुम्ही आणि आपण यांतलं अंतर शिकवावं लागत नाही. तोच कान जुनं इंग्रजी वाचताना वापरला तर अर्धं काम होतं. उरलेल्या अर्ध्यात मात्र हाच कान आपल्याला फसवतो. मला कॉलेजात सांगितलं होतं की 'दाऊ' हा फार आदराचा शब्द, कारण प्रार्थनेत येतो. ते डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की पुढे कित्येक वर्षं शेक्सपिअरची भांडणं मी उलटी वाचत होतो. शिवी देणारा माणूस मला अदबशीर वाटायचा. म्हणून हे टिपण पायरी-पायरीनं, ज्यांना नाटक, बायबल किंवा जुनी कविता मुळातून वाचायची आहे त्यांच्यासाठी.

पहिली पायरी: रूपं ओळखा

'दाऊ'तला 'द' म्हणजे 'दिस', 'दॅट'मधला द. यमक 'हाऊ', 'नाऊ'शी जुळतं. कर्ता असेल तर 'दाऊ', कर्म असेल तर 'दी', मालकी दाखवायची असेल तर 'दाय'. पुढचा शब्द स्वरानं सुरू होत असेल तर 'दाय'चं 'दाइन' होतं, म्हणजे 'दाय हँड' पण 'दाइन आइज'. 'हे तुझंच' यातला 'तुझं'सारखा शब्द एकटा उभा असेल तरीही 'दाइन'च.

अनेकवचनात कर्ता 'यी' आणि कर्म 'यू'. मराठीत मांडायचं तर दाऊ म्हणजे तू, दी म्हणजे तुला, दाय म्हणजे तुझा, यी म्हणजे तुम्ही आणि यू म्हणजे तुम्हाला. सोळाव्या शतकात 'यी' आणि 'यू' यांची सरमिसळ झाली आणि 'यू'नं दोन्ही जागा बळकावल्या. आज जगभर जो शब्द 'तू' म्हणून शिकवला जातो, तो मुळात 'तुम्हाला' होता. 'यू आर' का, 'यू इज' का नाही, या शाळेतल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. एका माणसाशी बोलतानाही क्रियापद अनेकवचनीच राहिलं, जसं आपण एकाच पाहुण्याला 'तुम्ही आलात' म्हणतो. अठराव्या शतकात एका माणसासाठी 'यू वॉज' म्हणणारे पुष्कळ इंग्रज होते. व्याकरणकारांनी त्यांना अशिक्षित ठरवलं आणि ते रूप प्रमाण भाषेतून गेलं. माझ्या मते तर्क त्या बिचाऱ्यांच्याच बाजूनं होता.

आता क्रियापद. 'दाऊ'सोबत क्रियापदाच्या शेवटी 'स्ट' लागतो: दाऊ हॅस्ट, दाऊ डस्ट, दाऊ कॅन्स्ट, दाऊ नोएस्ट. 'टु बी'चं रूप वर्तमानकाळात 'आर्ट' आणि भूतकाळात 'वॉस्ट' किंवा 'वर्ट'. 'विल'चं 'विल्ट', 'शॅल'चं 'शॅल्ट'. ही यादी पाठ करण्यापेक्षा मराठीकडे बघा: तू आहेस, तू जातोस, तू होतास. आपल्याकडेही 'तू'च्या मागे 'स' लागतोच. हा योगायोग नाही. संस्कृत 'असि', 'करोषि', जुन्या मराठीतलं 'करिसी', लॅटिनमधलं 'अमास' आणि इंग्रजीतलं 'हॅस्ट' या सगळ्यांत एकाच पूर्वज भाषेतला 'स' आहे. इंग्रजीत त्याला मागून एक 'ट' चिकटला, कारण बोलताना सर्वनाम क्रियापदाला घासत गेलं. खुद्द 'दाऊ' आणि 'तू' हेही चुलत भाऊच. मूळच्या 'त'चा जर्मानिक भाषांत 'थ' झाला, आणि तोच पुढे इंग्रजीत मऊ होऊन आपल्या कानाला 'द' वाटू लागला. मोल्सवर्थनं आपल्या मराठी-इंग्रजी कोशात 'तूं'पुढे 'दाऊ' लिहिलं, तेव्हा दोन दूरचे नातेवाईक बऱ्याच काळानं एका ओळीत आले.

'स्ट' आणि 'इथ' यांची गल्लत करू नका. हॅथ, डथ, गोएथ ही तृतीयपुरुषी रूपं, तो किंवा ती यांच्यासाठीची. 'दाऊ हॅथ' म्हणजे 'तू आहे'. जुनाट इंग्रजीची नक्कल करणारी मीम्स आणि व्हिडिओ गेम हे सर्रास लिहितात, म्हणून ते डोळ्यांत बसतं.

आज्ञार्थात शेपूट लागत नाही. तिथे नुसतं 'गो' किंवा 'गो दाऊ'.

दुसरी पायरी: मजकूर कधीचा, ते आधी बघा

एकाच शब्दाचा स्वभाव शतकागणिक बदललेला आहे. फ्रान्समधून नॉर्मन लोक येऊन इंग्लंड जिंकण्याआधीच्या इंग्रजीत मानाचा प्रश्नच नव्हता. एक असेल तर 'थू', दोन असतील तर 'गिट', जास्त असतील तर 'गे', ज्याचं पुढे 'यी' झालं. हो, संस्कृतसारखं द्विवचन सर्वनामांपुरतं इंग्रजीतही होतं. तेराव्या शतकाच्या सुमारास ते संपलं. राजालाही तेव्हा 'थू'च म्हणत.

त्याच तेराव्या शतकापासून फ्रेंच दरबारी चालीनं एका माणसाला अनेकवचनात संबोधायची पद्धत इंग्रजीत शिरली. ती वरून खाली झिरपत गेली. शेक्सपिअर लिहीत होता तेव्हा, म्हणजे साधारण १५९० ते १६१२, दोन्ही रूपं बोलण्यात जिवंत होती आणि त्यांतलं अंतर प्रेक्षकाला जाणवत होतं. शंभर वर्षांत लंडनच्या सभ्य बोलण्यातून 'दाऊ' गेला. १७६२ साली रॉबर्ट लाउथनं व्याकरण लिहिलं तेव्हा सभ्यच काय, घरगुती बोलण्यातूनही तो उठून गेल्याची नोंद त्याला करावी लागली. त्यानंतर तो उरला प्रार्थनेत, कवितेत, क्वेकर या ख्रिस्ती पंथात आणि काही बोलींत.

म्हणजे १६०० सालच्या नाटकातला 'दाऊ' आणि १८५० सालच्या कवितेतला 'दाऊ' एकच शब्द असला तरी एकच वस्तू नाही. पहिला कोणीतरी कोणाला तरी तोंडावर म्हणत होतं. दुसरा ठेवणीतला, सणासुदीला काढलेला.

तिसरी पायरी: बायबल असेल तर मान विसरा, संख्या मोजा

१६११ चं किंग जेम्स बायबल शेक्सपिअरच्या हयातीतच छापलं गेलं, पण त्यातला 'दाऊ' त्याच्या नाटकांतल्या नियमानं चालत नाही. विल्यम टिंडलनं १५२६ साली नवा करार इंग्रजीत छापला तेव्हा मुळातलं एकवचन-अनेकवचन जसंच्या तसं ठेवायचं ठरवलं होतं. १६११ च्या मंडळींनी तीच वाट धरली. म्हणून त्यात देव असो, सैतान असो की चाकर, एकटा असेल तर 'दाऊ' आणि अनेक असतील तर 'यी' किंवा 'यू'.

याचा फायदा काय? लूकच्या शुभवर्तमानात २२ व्या अध्यायातल्या ३१ आणि ३२ या ओळी घ्या. येशू शिमोन पेत्राशी बोलतो आहे. सैतानानं 'यू' मागितलं आहे, गव्हासारखं चाळायला, असं तो म्हणतो. आणि लगेच पुढे, पण मी 'दी'साठी प्रार्थना केली आहे. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे 'यू' आलं की वाटतं, सगळं पेत्राबद्दलच चाललंय. जुन्या इंग्रजीत स्पष्ट दिसतं की सैतानाला सगळेच शिष्य हवे आहेत आणि प्रार्थना मात्र ज्याच्याशी बोलणं चाललंय त्या एकट्यासाठी आहे. मराठीत हे अगदी सहज येतं: तुम्हाला मागितलं, पण मी तुझ्यासाठी प्रार्थना केली. योहानाच्या तिसऱ्या अध्यायातही तसंच. निकदेमाला उद्देशून 'मी दीला सांगितलं की यी पुन्हा जन्मलं पाहिजे', म्हणजे सांगणं एकाला आणि अट सगळ्यांना.

चौथी पायरी: नाटक किंवा पत्र असेल तर विचारा, कोण कोणाला?

इथे आपला मराठी कान मोकळा सोडायचा. १६५५ साली टॉमस फुलर या पाद्री-इतिहासकारानं हा हिशेब मांडून ठेवला आहे. त्याचा आशय असा: वरच्यानं खालच्याला 'दाऊ' म्हणणं रास्त, कारण त्यात हुकूम आहे, बरोबरीच्यानं म्हणणं चालतं, कारण त्यात सलगी आहे, खालच्यानं वरच्याला म्हटलं, तर अडाणीपणानं असल्यास गावंढळपणा आणि मुद्दाम असल्यास उपमर्द. शनिवारवाड्यासमोर उभं राहून एखाद्यानं असंच सांगितलं असतं.

ढोबळ चित्र असं. मालक नोकराला 'दाऊ', नोकर मालकाला 'यू'. आईबाप मुलांना 'दाऊ', मुलं आईबापांना 'यू'. खालच्या थरातले लोक आपसात 'दाऊ'. वरच्या थरातले लोक आपसात, नवरा-बायकोसुद्धा, बहुतेक 'यू'. अनोळखी माणसाला 'दाऊ' म्हटलं तर भांडण उकरल्यासारखंच. 'ट्वेल्फ्थ नाइट' हे नाटक २ फेब्रुवारी १६०२ रोजी लंडनच्या मिडल टेंपलमध्ये झालं होतं. त्यात सर टोबी एका भित्र्या मित्राला आव्हानाचं पत्र कसं लिहायचं ते शिकवतो. शाई वापरून जेवढा अपमान करता येईल तेवढा कर, आणि तीनेक वेळा त्याला 'दाऊ' केलंस तर काही वाईट नाही. प्रेक्षक बहुतेक कायद्याचे विद्यार्थी आणि वकील. पुढल्याच वर्षी त्यांच्याच धंद्यातल्या कोकनं विंचेस्टरला तो सल्ला जणू अमलात आणला.

'दाऊ' म्हणजे नेहमी तुच्छता, असंही नाही. नोकराला प्रेमानं, मित्राला जिव्हाळ्यानं, शत्रूला तिरस्कारानं, तिन्ही अर्थ त्याच एका शब्दात. कुठला, ते सूर आणि नातं ठरवतं. आपण तरी काय करतो? 'तू ये रे' आणि 'तू कोण रे?' यांत सर्वनाम एकच आहे.

पाचवी पायरी: बदल कुठे झाला ती ओळ पकडा

माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी. एखादं पात्र सतत 'दाऊ' म्हणतंय किंवा सतत 'यू' म्हणतंय, यातून फार काही हाती लागत नाही. जिथे ते बदलतं तिथे काहीतरी घडलेलं असतं. हातात पेन्सिल घ्या, एका प्रवेशातली सगळी सर्वनामं गोल करा आणि सांधे शोधा.

'हॅम्लेट'मध्ये तिसऱ्या अंकात राणी मुलाला खोलीत बोलावून घेते. म्हणते, हॅम्लेट, 'दाऊ'नं तुझ्या वडिलांना फार दुखावलंय. ती सावत्र बापाबद्दल बोलते आहे. हॅम्लेट उलट म्हणतो, आई, 'यू'नं माझ्या वडिलांना फार दुखावलंय. तेच वाक्य, फक्त सर्वनाम आणि बाप बदलले. पण गंमत पुढच्या ओळीत आहे. त्या उत्तरानं राणी भडकते आणि मुलाला 'यू' म्हणू लागते. आई रागावली की तुमच्या घरी काय होतं? 'या साहेब, उठलात का?' हेच. एकेरीतून अहो-जाहोवर जाणं म्हणजे माया काढून घेणं, आणि ते मराठी मुलाला पाठीत धपाटा बसण्याआधीच कळतं.

'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये पहिल्या भेटीत दोघं मिळून एक सुनीत बोलतात. ज्युलिएट त्याला 'यू' म्हणते, अनोळखी तरुणाला म्हणावं तसं. रोमिओ चुंबनाच्या उंबरठ्यावर आला की 'ग्रँट दाऊ' म्हणून एकेरीवर उतरतो. चुंबन झाल्यावरही ज्युलिएट 'यू किस बाय द बुक' म्हणत आपलं अंतर राखून असते. मग सज्जातला प्रवेश येतो. तिला वाटतं आपण एकट्या आहोत, आणि तेव्हा तिच्या तोंडून निघतं, 'व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ?' मनातल्या मनात ती त्याला कधीच 'तू' म्हणू लागली होती. (जाता जाता: 'व्हेअरफोर' म्हणजे कुठे नव्हे, का. ती त्याला शोधत नाहीये, तुझं नाव नेमकं रोमिओच का, असं विचारते आहे.) आणि तो खाली उभा आहे हे कळल्यावरही ती मागे फिरत नाही, 'दाऊ'च म्हणत राहते. तुम्हीवरून तूवर यायला लागलेले दिवस ज्यांना आठवतात त्यांना वेगळी टीप नको.

'किंग लिअर'मध्ये राजानं धाकट्या मुलीला हाकललं की केंट हा निष्ठावंत सरदार मध्ये पडतो. आधी दरबारी शिष्टाचारानं बोलतो. राजा ऐकत नाही, तेव्हा तो सरळ विचारतो, 'काय करणार आहेस तू, म्हाताऱ्या?' सरदारानं राजाला 'दाऊ' आणि वर 'ओल्ड मॅन'. त्या काळच्या नाटकगृहात इथे श्वास रोखले गेले असणार.

आता एक कठीण उदाहरण, कारण सोपी उदाहरणं निवडून कुठलाही सिद्धांत उभा करता येतो. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'. पहिल्या अंकात सावकार शायलॉक व्यापारी अँटोनिओला 'यू' म्हणतो आणि अँटोनिओ त्याला 'दी'. मी दीवर पुन्हाही थुंकेन, इथपर्यंत. हे सरळ आहे. चौथ्या अंकात शायलॉक थकलेल्या कर्जापोटी अँटोनिओचं पौंडभर मांस मागायला कोर्टात येतो. तिथे वकिलाच्या वेषातली पोर्शिया त्याच्याशी कोर्टाच्या भाषेत सुरुवात करते: 'युअर' नाव शायलॉक का, 'यू' चालवताय तो दावा विचित्र आहे. मध्येच तिप्पट पैसे घे म्हणून समजावताना ती 'दाय' आणि 'दी'वर येते. लगेच, शल्यवैद्याची सोय 'युअर' खर्चानं करा, असं पुन्हा अंतर. डाव उलटल्यावर मात्र सरबत्ती: 'दाऊ' न्याय मागतोस ना, मग मागशील त्याहून जास्त न्याय मिळेल. आणि एवढं सगळं अनुकूल असताना अचानक ओळ येते, थांब, कायद्याची आणखी एक पकड 'यू'वर आहे! इथे 'यू' का? कोणी म्हणेल पुन्हा कोर्टाची भाषा, कोणी म्हणेल वृत्ताची किंवा कानाची सोय. मी अशा ठिकाणी अर्थ पिळून काढत नाही. शेक्सपिअर नाटक लिहीत होता, शिष्टाचाराची नियमावली नव्हे. दहा सांध्यांपैकी सातांत अर्थ सापडला तर पुरे.

सहावी पायरी: मराठी कान कुठे फसतो

पहिली जागा आई. आपण आईला 'तू' म्हणतो, विठोबालाही 'तू'च म्हणतो. त्यामुळे हॅम्लेटचं आईला 'यू' म्हणणं आपल्याला आहे त्याहून जास्त थंड वाटतं. त्या काळच्या राजघराण्यात मुलानं आईला 'यू' म्हणणं ही रीतच होती. बोचरेपणा आहे तो शब्द परतवण्यात.

दुसरी जागा देव. यात आपण इंग्रजांपेक्षा शहाणे आहोत. एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या इंग्रजाला 'दाऊ' फक्त चर्चमध्ये ऐकू यायचा, म्हणून तो त्याला भारदस्त वाटू लागला. १९५२ च्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड बायबलनं तर माणसांसाठी 'यू' आणि देवाशी बोलताना 'दाऊ' अशी वाटणीच करून टाकली. इतिहासात जे होतं त्याच्या हे बरोबर उलटं. १९८९ च्या नव्या आवृत्तीनं ती वाटणी काढून टाकली. मराठी प्रभूची प्रार्थना 'तुझे नाव पवित्र मानले जावो' असंच म्हणते आणि कोणाला त्यात उद्धटपणा वाटत नाही. रवींद्रनाथांनी १९१२ च्या इंग्रजी 'गीतांजली'त पहिल्याच ओळीत 'दाऊ हॅस्ट मेड मी एंडलेस' लिहिलं, तिथे मूळ बंगालीत 'तुमि' आहे. बंगालीतल्या तीन पायऱ्यांपैकी ही मधली, 'तुई' नव्हे. म्हणजे तो 'दाऊ' बायबलच्या वळणाचा, कोकच्या नव्हे.

तिसरी जागा क्वेकर. सतराव्या शतकाच्या मध्याला जॉर्ज फॉक्सच्या अनुयायांनी ठरवलं की माणूस एक असेल तर तो एकच. मॅजिस्ट्रेट असो वा सरदार, त्याला अनेकवचन लावणं म्हणजे खोटं बोलणं आणि त्याच्या अहंकाराला खतपाणी घालणं. ते सगळ्यांना 'दाऊ' म्हणत आणि कोणापुढे हॅट काढत नसत. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला, तुरुंगात गेले. फॉक्सनं दोन साथीदारांबरोबर १६६० साली एक जाडजूड पुस्तकच छापलं, त्यात कितीतरी भाषांची उदाहरणं देऊन एकवचन कुठे आणि अनेकवचन कुठे हे मांडलं होतं. तेव्हा सतराव्या शतकातल्या पत्रात एखादा साधा कारागीर न्यायाधीशाला 'दाऊ' म्हणताना दिसला तर आधी विचारा, हा क्वेकर आहे का? असेल तर तो अपमान नाही, धर्म आहे. पुढच्या काळात क्वेकर लोक कर्त्याच्या जागीही 'दी'च वापरू लागले, 'दी इज' असं. ती चूक समजून खोडू नका.

चौथी जागा पाट्या. ब्रिटनमधल्या पबवर आणि मिठाईच्या दुकानावर 'यी ओल्ड' असं लिहिलेलं दिसतं. तो 'यी' म्हणजे 'तुम्ही' नव्हेच. जुन्या इंग्रजीत 'थ'साठी थॉर्न नावाचं एक स्वतंत्र अक्षर होतं. हस्तलिखितात ते हळूहळू 'वाय'सारखं दिसू लागलं. १४७६ साली कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला तेव्हा युरोपातून आलेल्या खिळ्यांत थॉर्न नव्हतं, मग छापणारे तिथे 'वाय' लावून मोकळे झाले. वाचायचं मात्र 'द' असंच.

सातवी पायरी: कोशात पडताळा, पण कसं?

साध्या कोशात 'दाऊ: यूचं जुनं रूप' एवढंच मिळेल. अपुरंच नाही, दिशाभूल करणारं. यासाठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच हवी. तिची पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ या काळात भागाभागानं निघाली. तिचे जुने खंड स्कॅन करून मोफत उपलब्ध आहेत आणि या कामाला ते पुरतात. ताजी ऑनलाइन आवृत्ती सशुल्क आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा.

उघडल्यावर व्याख्या आधी वाचू नका, अवतरणं वाचा. ती सालवार लावलेली असतात. तुमच्या मजकुराच्या सालाच्या आगचंमागचं अवतरण शोधा आणि तिथला वापर तुमच्या ओळीशी जुळतो का बघा. सर्वनाम आणि क्रियापद यांच्या नोंदी वेगळ्या आहेत. कोकचं वाक्य समजायला दुसरी नोंद लागते.

शेक्सपिअरसाठी शब्दसूची इंटरनेटवर फुकट मिळतात, कुठल्या नाटकात शब्द कितीदा आला ते लगेच दिसतं. पण १६२३ च्या फोलिओत, म्हणजे नाटकांच्या एकत्रित मोठ्या ग्रंथात, आणि आधीच्या सुट्या, लहान आकाराच्या क्वार्टो प्रतींत पाठभेद आहेत, काही ठिकाणी 'दाऊ'-'यू'चेसुद्धा. एखाद्या सर्वनामावर मोठा अर्थ उभा करायचा असेल तर दोन्ही प्रती बघा.

गूगलच्या एनग्रॅम आलेखावर, म्हणजे छापील पुस्तकांत एखादा शब्द कोणत्या साली किती आला ते दाखवणाऱ्या आलेखावर, मात्र भिस्त ठेवू नका. बायबल आणि शेक्सपिअर दरवर्षी पुन्हा छापले जातात आणि मेलेला शब्द आलेखात धडधाकट दिसतो. शिवाय कारखान्यात इंचाच्या हजाराव्या भागाला इंग्रज 'थाऊ' म्हणतो, म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर. स्पेलिंग तेच! लेथ मशीनची पुस्तकं आणि स्तोत्रं एकाच रेषेत मोजली जातात.

आठवी पायरी: मराठीत आणताना

आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित' या नावानं 'हॅम्लेट' मराठीत आणलं, तेव्हापासून हा प्रश्न आपल्या प्रत्येक अनुवादकापुढे आहे. इंग्रजीत दोन पायऱ्या, आपल्याकडे तीन. 'दाऊ'ला 'तू' हे ठरलेलंच. 'यू'ला तुम्ही की आपण?

मी असं करतो. आधी प्रत्येक जोडीची नेहमीची पातळी ठरवून घेतो, मूळ सर्वनाम काहीही असो, मराठी घरात ती जोडी कशी बोलली असती त्यावरून. मग मुळात जिथे सांधा आहे तिथेच मराठीत सांधा करतो. हॅम्लेट आणि त्याची आई यांच्यासाठी मी 'आई'ऐवजी 'आईसाहेब' घेईन. त्या एका शब्दानं मुलाच्या तोंडी 'आपण' शोभून दिसतं आणि राणी रागावून 'तू'वरून 'आपण'वर गेली की दोन्ही बाजूंनी थंडी पसरते. जिथे मराठीत सर्वनाम हलवणं अगदीच अशक्य असेल, तिथे भार दुसऱ्या कशावर तरी टाकायचा: 'रे', 'अहो', 'राव', 'साहेब', किंवा नुसतं नाव घेणं. आपल्याकडे ही हत्यारं भरपूर आहेत, इंग्रजीकडे नव्हती.

बोली असेल तर आणखी मजा. यॉर्कशरमध्ये 'दाऊ' अजून 'दा' म्हणून तग धरून आहे आणि तिथे मोठी माणसं आगाऊ पोराला दटावतात, 'डोन्ट दी दा मी'. याला प्रमाण मराठी लावाल तर जीव जाईल. 'मला अरे-तुरं करतुयास व्हय रं?' एवढं पुरे.

सरावासाठी एकच नमुना देतो, अवघ्या आठ शब्दांचा. 'ऑथेल्लो'चा पहिला प्रवेश. मध्यरात्र आहे. इयागोनं रस्त्यात उभं राहून, मुलगी पळाल्याची घाणेरड्या शब्दांत बोंब मारून ब्राबांशिओला झोपेतून उठवलं आहे. म्हातारा खिडकीतून ओरडतो, 'दाऊ आर्ट अ व्हिलन.' खालून उत्तर येतं, 'यू आर... अ सेनेटर.' इयागो शिवीला शिवी देणार असं वाटत असताना तो आदरानंच थोबाडीत मारतो. 'सेनेटर'ला प्रतिशब्द शोधत बसू नका. सगळा जोर सर्वनामावर आहे:

'हरामखोर आहेस तू!'

'आणि आपण... आपण सेनेटर आहात.'